क्लास सुटल्यावर: तायक्वांदोसाठी पुस्तकं आणि व्हिडिओ निवडताना

तायक्वांदोचा क्लास बहुतेक ठिकाणी आठवड्यातून तीन दिवस, तासाभराचा असतो. सोमवारी सरांनी नवा पूमसे शिकवला, म्हणजे बचाव, ठोसे आणि किक यांचा ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायचा संच, की बुधवारपर्यंत तो निम्मा विरलेला असतो. आठव्या हालचालीनंतर डावीकडे वळायचं की उजवीकडे, इथे घरच्या हॉलमध्ये गाडी अडते. मग हात फोनकडे जातो. पूमसेचं नाव टाकलं की ढीगभर व्हिडिओ समोर येतात आणि त्यांतले दोन एकमेकांशी जुळत नाहीत.

मुलीला क्लासला सोडायला जाता जाता मीही चाळिशीत पांढरा बेल्ट बांधला. तेव्हापासून पुस्तकं आणि व्हिडिओ यांच्यात बराच वेळ घातला, काही वेळा चुकीच्या जागीही. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. हालचाल वर्गातच शिकावी लागते. पुस्तक आणि व्हिडिओ उपयोगी पडतात ते शिकलेली हालचाल दोन वर्गांच्या मधल्या दिवसांत सांभाळून ठेवायला. हे मनात धरून निवड केली की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

सगळ्यांत आधी आपण नेमकं काय शिकतो आहोत ते ओळखावं. आपल्याकडे पांढरा पोशाख दिसला की घरचे, शेजारचे सगळे ‘कराटे’ म्हणून मोकळे होतात. तायक्वांदो कोरियाचा आहे, एवढं बहुतेकांना क्लासमध्ये कळतं. पण तायक्वांदोतही दोन मोठी घराणी आहेत आणि दोघांची पुस्तकं पूर्ण वेगळी आहेत, हे अनेकांना पहिली दोन पुस्तकं विकत घेईपर्यंत कळत नाही.

एक घराणं सोलमधल्या कुक्कीवॉनचं. कुक्कीवॉन ही तायक्वांदोची मुख्य प्रशिक्षण संस्था 1972 साली उभी राहिली आणि ब्लॅक बेल्टची प्रमाणपत्रं तिथून दिली जातात. ऑलिम्पिकमध्ये दिसतो तो खेळ याच घराण्याचा. त्याचं नियमन करणारी जागतिक संघटना 1973 साली स्थापन झाली आणि 2017 पासून तिचं नाव ‘वर्ल्ड तायक्वांदो’ आहे.

दुसरं घराणं जनरल चोई हाँग-ही यांचं. त्यांनी 1966 साली आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘आयटीएफ’ म्हणतात. चोई पुढे कॅनडाला गेले आणि 1972 मध्ये महासंघाचं मुख्यालयही टोरांटोला हलवलं. 2002 साली ते वारले. त्यांच्या मागे आयटीएफ हेच नाव लावणाऱ्या एकाहून अधिक संघटना झाल्या.

आपलं घराणं ओळखायला कागदपत्रं शोधायची गरज नाही, वर्गात कानावर पडणारे शब्द पुरतात. पहिला संच ‘तेगुक इल जांग’ या नावाचा असेल तर कुक्कीवॉन. ‘चोन-जी’ असेल तर आयटीएफ, आणि तिथे संचाला पूमसे न म्हणता ‘तुल’ म्हणतात. पोशाखावरूनही कळतं. या पोशाखाला डोबोक म्हणतात. कुक्कीवॉनकडे तो डोक्यातून घालायचा, गळ्याशी इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. आयटीएफचा समोरून बंद होतो आणि पाठीवर झाडाच्या आकारात छापलेली अक्षरं असतात.

कोरियाच्या इतर विद्याही आपल्याकडे थोड्याफार शिकवल्या जातात. हापकिडोमध्ये सांधे मुरगळून पकड घेणं आणि फेकणं असतं, तांग सू डो तायक्वांदोच्या जवळचा आहे. त्यांची पुस्तकं निराळी. शंका वाटली तर सरांना सरळ विचारावं, ‘सर, आपण कुठले पूमसे करतो आणि परीक्षेचं प्रमाणपत्र कुठून येतं?’ चांगले शिक्षक या प्रश्नाने खूश होतात.

घराणं चुकलं तर काय होतं याचं एक साधं उदाहरण सांगतो. इंग्रजी पुस्तकांत ‘वॉकिंग स्टान्स’ असा शब्द येतो. स्टान्स म्हणजे पाय रोवून उभं राहण्याची पद्धत. कुक्कीवॉनच्या पुस्तकात हा शब्द बहुधा ‘आप सोगी’साठी वापरतात, म्हणजे चालता चालता थांबावं तसं छोटं पाऊल, गुडघे जवळजवळ सरळ. आयटीएफच्या पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ खांद्यांच्या रुंदीच्या दीडपट लांब पाऊल आणि पुढचा गुडघा वाकलेला. कुक्कीवॉनकडे त्या लांब पावलाला ‘आप कुबी’ म्हणतात. शब्द एकच, उभं राहणं दोन तऱ्हेचं. चुकीच्या पुस्तकावरून महिनाभर सराव केला तर परीक्षेत पाऊलच चुकीचं पडतं आणि आपल्याला कारण उमगत नाही.

दुसरी पायरी म्हणजे कशासाठी मदत हवी ते ठरवणं. पूमसे आठवत नाही, कोरियन शब्द कळत नाहीत, फाइटमध्ये गुण मिळत नाहीत, पाय वर जात नाही, की हे सगळं आलं कुठून याची उत्सुकता आहे? प्रत्येकासाठी वेगळं साधन लागतं. ‘संपूर्ण तायक्वांदो’ अशा नावाच्या पुस्तकात सगळ्याचं थोडं थोडं असतं आणि पूमसेचा भाग नेमका घाईत उरकलेला असतो. सुरुवातीला एकच गरज निवडावी. बहुतेकांची पहिली गरज पूमसेची असते, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो.

कुक्कीवॉन घराण्यासाठी कुक्कीवॉनचं स्वतःचं पाठ्यपुस्तक आहे. त्यात कोरियन आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी आहे. पुस्तक जाडजूड आहे, महागही आहे, आणि सहज मिळत नाही. म्हणून प्रत्येक पालकाने ते घ्यावं असं मी म्हणणार नाही. क्लासने मिळून एक प्रत घेतली आणि सरांच्या कपाटात ठेवली तर सगळ्यांचं भागतं.

आयटीएफसाठी चोई यांनी लिहिलेला पंधरा खंडांचा तायक्वांदो विश्वकोश 1983 साली निघाला. पंधरा खंड घरी ठेवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून त्याची एका खंडातली संक्षिप्त आवृत्ती आहे. नवशिक्यापासून ब्लॅक बेल्टपर्यंत ती पुरते.

पुस्तक हातात आलं की आधी छपाईचं साल पाहावं. ही सवय फार कामाची आहे. चोई यांचं पहिलं इंग्रजी पुस्तक 1965 चं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि स्कॅन केलेल्या फायलींमध्ये तसली पुस्तकं अजून फिरतात. त्यांत आयटीएफची आजची ओळख असलेली ‘साइन वेव्ह’ सापडत नाही. साइन वेव्ह म्हणजे प्रत्येक हालचालीत गुडघे सैल सोडून शरीर किंचित खाली, वर आणि पुन्हा खाली नेण्याची लाटेसारखी लय. वर्गात ती शिकवतात आणि पुस्तकात ती नाही, मग विद्यार्थी गोंधळतो. पुस्तक खोटं नसतं, ते त्याच्या काळाचं असतं.

कुक्कीवॉनकडेही तसंच आहे. तेगुकचे आठ पूमसे येण्याआधी ‘पालग्वे’ नावाचे आठ होते. जुन्या पुस्तकांत ते असतात. काही क्लास आजही आवडीने शिकवतात, पण बहुतेक ठिकाणी परीक्षेला ते नसतात. ब्लॅक बेल्टचा पहिला पूमसे ‘कोर्यो’, त्याचंही जुनं रूप वेगळं होतं. आयटीएफच्या चोवीस तुलांपैकी ‘को-डांग’ ऐंशीच्या दशकात काढून ‘जुचे’ घातला गेला, म्हणून दोन पुस्तकांच्या याद्या जुळत नाहीत. यादी जुळेना तर आधी साल पाहावं, मग घाबरावं.

यानंतर पुस्तकातल्या आकृत्या. प्रत्येक पूमसेला जमिनीवर चालायची एक रेषाकृती असते. तेगुकच्या पूमसेंना तीन आडव्या रेषा असतात, कारण हे आठ पूमसे तीन तीन रेषांच्या आठ प्राचीन चिन्हांवर बेतलेले आहेत. चोई यांच्या पुस्तकात चार दिशांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिलेली असतात आणि विद्यार्थी डीकडे तोंड करून उभा असतो. हे न कळता वाचलं तर ‘बीकडे वळा’ म्हणजे कुठे, काही समजत नाही. मी घरच्या हॉलमध्ये चार कागद चिकटवले. डी टीव्हीवर, बी खिडकीवर, ए स्वयंपाकघराच्या दाराशी, सी पाठीमागच्या भिंतीवर. तेव्हा कुठे पुस्तक वाचता आलं. ही युक्ती जरूर करून पाहावी.

पुस्तकाची मोठी मर्यादाही इथेच सांगतो. छायाचित्रात हालचालीचा शेवट दिसतो. खालच्या बचावाला ‘आरे माक्की’ म्हणतात. त्याच्या चित्रात मूठ मांडीच्या वर थांबलेली दिसते. पण ती मूठ विरुद्ध खांद्यापासून निघाली, येताना मनगट शेवटच्या क्षणी फिरलं आणि त्याच वेळी दुसरा हात कमरेशी ओढला गेला, हे चित्रात मावत नाही. पुस्तक पाहून सराव करणाऱ्या मुलांच्या मुठी सरळ खाली पडतात, त्यात जोर नसतो. पुस्तक घेताना दोन स्थितींच्या मधल्या अवस्थेचं चित्र किंवा बाण दिला आहे का ते चाळून पाहावं. नसेल तर ते पुस्तक क्रम आठवण्यापुरतं वापरावं.

मधला प्रवास व्हिडिओत दिसतो, म्हणून आता व्हिडिओकडे येऊ. इथे निवड जास्त कठीण आहे, कारण फुकट आहे आणि भरपूर आहे.

पहिला प्रश्न, दाखवणारा कोण? कुक्कीवॉन आणि वर्ल्ड तायक्वांदो या दोघांचेही यूट्यूबवर स्वतःचे चॅनल आहेत. कुक्कीवॉन घराण्यातल्या विद्यार्थ्याने पूमसेसाठी सुरुवात तिथून करावी. आयटीएफच्या विद्यार्थ्याने आपला क्लास ज्या संघटनेशी जोडलेला आहे तिचेच व्हिडिओ पाहावेत, कारण साइन वेव्हच्या बारकाव्यांत संघटनांमध्ये फरक आहेत.

दुसरा प्रश्न, स्पर्धा की शिकवणी? पूमसेची जागतिक स्पर्धा 2006 पासून होते आणि तिचे व्हिडिओ डोळे दिपवतात. स्पर्धक ‘येप चागी’, म्हणजे बाजूला मारायची किक, डोक्याच्या वर नेऊन तिथे क्षणभर रोखतात. ते पाहून आठ-दहा वर्षांची मुलं पाय वर फेकायला लागतात. कंबर वळत नाही, उभा पाय डगमगतो, पाठ मागे झुकते. मूळ पूमसेत किक छातीच्या उंचीवर पुरते. आधी कंबर वळवून छातीइतकी उंच आणि नीट किक जमायला हवी. स्पर्धेचे व्हिडिओ आनंदासाठी जरूर पाहावेत, नक्कल मात्र शिकवणीच्या व्हिडिओची करावी.

तिसरा प्रश्न सगळ्यांत जास्त चुका करवतो. तो म्हणजे डावं-उजवं. व्हिडिओतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला दिसतो. आरशाची सवय असलेलं मूल आपोआप उजवा हात हलवतं. आमच्या शेजारच्या मुलाने तेगुकचा दुसरा पूमसे असाच अख्खा उलटा पाठ केला होता. वळणं उलटी, हात उलटे, पण इतका गुळगुळीत की क्लासमध्ये रांगेत सगळे एकीकडे आणि हा दुसरीकडे. तो सरळ करायला तीन आठवडे गेले, कारण नवं शिकण्यापेक्षा अंगात मुरलेलं काढणं जास्त वेळ खातं.

शक्यतो पाठीमागून चित्रित केलेला व्हिडिओ निवडावा. मग त्याचं डावं तेच आपलं डावं. काही शिक्षक पाहणाऱ्याच्या सोयीसाठी व्हिडिओ मुद्दाम आरशासारखा उलटवतात. तो ओळखायला छातीवरची किंवा भिंतीवरची अक्षरं पाहावीत. ती उलटी दिसत असतील तर व्हिडिओ उलटवलेला आहे. आणि कसाही व्हिडिओ असला तरी पहिली हालचाल वर्गात शिकलेल्याशी ताडून पाहावी. तेगुक इल जांग आणि चोन-जी या दोन्ही पहिल्या संचांची सुरुवात डावीकडे वळून डाव्या हाताने खालचा बचाव करण्याने होते. समोरचा उजवीकडे वळताना दिसला की थांबून कारण शोधावं.

कॅमेरा कुठे ठेवला आहे तेही महत्त्वाचं. फक्त समोरून घेतलेल्या व्हिडिओत पावलाची लांबी कळत नाही, फक्त बाजूने घेतलेल्यात रुंदी कळत नाही. दोन कोनांतून दाखवणारा साधा व्हिडिओ चकचकीत संगीत लावलेल्या एका कोनाच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी बरा.

शोधताना स्पेलिंगचा त्रास होतो, त्याचं कारण समजून घेतलं की तो कमी होतो. कोरियन शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायची सरकारी पद्धत 2000 साली बदलली. त्यामुळे एकच शब्द जुन्या पुस्तकात ‘के’ने आणि नव्या व्हिडिओत ‘जी’ने सुरू होतो. फाइटला ‘क्योरुगी’ म्हणतात, तीच ‘ग्योरुगी’. ब्लॅक बेल्टच्या आधीच्या श्रेणीला कुणी ‘कुप’ लिहितं, कुणी ‘गुप’. शब्द एकच आहे, कारण कोरियन भाषेतला तो वर्ण क आणि ग यांच्या मधला आहे. एका स्पेलिंगने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधावं.

मराठी माणसाला इथे एक फायदाही आहे, आणि त्याचा मला फार आनंद वाटतो. कोरियन भाषेत साधा आणि महाप्राण वर्ण वेगळे असतात, आपल्या त-थ, च-छ, प-फ सारखे. इंग्रजी लिखाणात तो फरक बुडतो, म्हणून आपण ‘चागी’, ‘पूमसे’ म्हणतो. कोरियन माणसाच्या तोंडून ऐकलं तर ‘चागी’ छागीकडे झुकतं आणि ‘पूमसे’तला प ओठ मिटून काढलेल्या फसारखा लागतो. आपल्या मुलांना हे उच्चार जन्मापासून येतात. कोरियन लिपी हांगुल राजा सेजोंगने 1446 मध्ये लोकांसमोर आणली. आज तिची मूळ अक्षरं 24 आहेत. बाराखडी शिकलेल्या माणसाला ती दोन-तीन आठवड्यांत वाचता येते, आणि मग कोरियन व्हिडिओंची शीर्षकं थेट वाचता येतात.

शब्दसंग्रहासाठी वेगळं पुस्तक घ्यायची गरज नाही. ‘आप’ म्हणजे पुढे, ‘येप’ बाजूला, ‘द्वी’ मागे, ‘दोल्यो’ फिरवून, ‘चागी’ किक, ‘माक्की’ बचाव, ‘सोगी’ उभं राहणं. हे सुटे शब्द एकदा कळले की ‘दोल्यो चागी’ म्हणजे फिरवून मारायची किक हे आपोआप उलगडतं. आयटीएफमध्ये काही शब्द वेगळे आहेत, तेवढे सरांकडून लिहून घ्यावेत.

आता वापर कसा करायचा. पहिल्यांदा व्हिडिओ पाहताना उठायचं नाही, बसून शेवटपर्यंत पाहायचा. दुसऱ्यांदा अर्ध्या वेगाने पाहायचा आणि वर्गात शिकलेल्या शेवटच्या हालचालीपाशी थांबायचं. पुढे जायचा मोह फार होतो. हिरव्या बेल्टचं मूल सुट्टीत लाल बेल्टचा पूमसे व्हिडिओवरून उरकतं आणि घरच्यांना कौतुक वाटतं. मग वर्गात तो पूमसे शिकवायची वेळ येते तेव्हा त्याला सगळं येत असल्यासारखं वाटतं आणि सरांचं बोलणं कानावरून जातं. ज्या चुका तेव्हा सहज निघाल्या असत्या त्या तशाच राहतात. हे मी एकाहून जास्त मुलांत पाहिलं आहे, म्हणून घरात नियम ठेवला, वर्ग जिथे थांबला तिथे फोन थांबेल.

मग फोन उलट दिशेने वापरावा, म्हणजे स्वतःचं चित्रण करावं. फोन कमरेच्या उंचीवर, समोरून थोडा तिरका ठेवावा. सेल्फीचा कॅमेरा वापरू नये. काही फोन त्यात चित्र उलटवून साठवतात आणि पुन्हा डाव्या-उजव्याचा घोळ होतो. आपलं चित्रण आणि मूळ व्हिडिओ एकामागोमाग पाहिला की हात कमरेशी न ओढणं, नजर जमिनीवर जाणं, वळताना उठून उभं राहणं अशा चुका स्वतःच्या डोळ्यांना दिसतात. समजत नाही तो तुकडा दहा-पंधरा सेकंदांचा कापून सरांना दाखवावा. पाच मिनिटांचं अख्खं चित्रण कुणी पाहत नाही.

ज्या गोष्टी व्हिडिओवरून शिकूच नयेत त्याही सांगायला हव्यात. फळ्या आणि कौलं फोडणं त्यांत पहिलं. उडी मारून फिरणाऱ्या किक दुसऱ्या. हापकिडोच्या पकडी तिसऱ्या, कारण समोरच्याच्या मनगटावर किती दाब पडतोय हे पडद्यावर दिसत नाही आणि सोबत सराव करणारा भाऊ ओरडेपर्यंत उशीर झालेला असतो.

साधी दोल्यो चागीसुद्धा घरी करताना जपावं लागतं. ती मारताना उभ्या पायाचं पाऊल जमिनीवर फिरून टाच समोरच्याकडे वळायला हवी. आपल्याकडे सराव बहुतेकदा गच्चीवर होतो. खरखरीत कोब्यावर अनवाणी पाऊल फिरत नाही, वरचं शरीर मात्र फिरतं, आणि मधला गुडघा पिळला जातो. व्हिडिओतली माणसं गुळगुळीत मॅटवर असतात, हे लक्षातच येत नाही. घरी एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅटचे चार तुकडे टाकले तरी पुरतं. तेवढी सोय नसेल तर पाऊल आधी उचलून वळवावं, मग किक सोडावी, हळू. वाढत्या वयाच्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागलं तर व्हिडिओ बंद करून डॉक्टरांकडे जावं.

पाय उंच जावा म्हणून ताणाच्या व्यायामांचे व्हिडिओ खूप पाहिले जातात. त्यांत एकच भेद ओळखायला शिकावं. पाय झुलवत हळूहळू वर नेणारे व्यायाम सरावाच्या आधी, अंग गरम झाल्यावर. पाय एका जागी धरून ठेवायचे ताण सरावाच्या शेवटी. थॉमस कुर्झ यांचं ‘स्ट्रेचिंग सायंटिफिकली’ हे पुस्तक हा विषय सविस्तर समजावतं आणि मोठ्या माणसांना फार उपयोगी पडतं. ‘सात दिवसांत स्प्लिट’ अशी शीर्षकं वगळावीत.

फाइटच्या व्हिडिओंना तर तारीख पाहिल्याशिवाय हात लावू नये. ऑलिम्पिक तायक्वांदो 1988 मध्ये सोलला प्रदर्शनासाठी होता, 2000 मध्ये सिडनीत पदकांचा खेळ झाला. तेव्हा फटका बसला की नाही हे पंच डोळ्यांनी ठरवत. लंडनला 2012 मध्ये छातीच्या संरक्षकात विजेवर चालणारे संवेदक आले, रिओला 2016 मध्ये ते डोक्याच्या संरक्षकातही बसवले. खेळ त्याने बदलला, पुढचा पाय उचलून ठेवून खेळणं वाढलं. जुन्या लढतींमधली जोरदार मागच्या पायाची किक पाहायला सुंदर आहे, पण ती पाहून आजच्या स्पर्धेत गुण मिळतीलच असं नाही.

गुणही बदलले. सध्या छातीवर ठोशाला एक, छातीवर किकला दोन, डोक्यावर किकला तीन, आणि फिरून मारलेल्या किकला छातीवर चार, डोक्यावर पाच गुण मिळतात. पूर्वी छातीवरच्या किकला एकच मिळायचा. 2022 पासून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी, अशी पद्धत आली. त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओत शेवटच्या फेरीत मोठी आघाडी सांभाळायचे जे डावपेच दिसतात ते तसेच लागू पडत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या स्पर्धेत कोणते नियम आहेत ते आधी विचारून घ्यावं.

इतिहासाची ओढ असणाऱ्यांसाठी पुस्तकांचं जग मोठं आहे, पण तिथे सावध वाचन लागतं. बऱ्याच शिकवणीच्या पुस्तकांत पहिल्या प्रकरणात तायक्वांदो दोन हजार वर्षांचा असल्याचं लिहिलेलं असतं. संशोधकांचं म्हणणं वेगळं आहे. तायक्वांदोच्या आधीच्या शाळांना ‘क्वान’ म्हणत. त्यांतली चुंग डो क्वान ली वोन-कुक यांनी 1944 साली सोलमध्ये सुरू केली आणि ते स्वतः जपानमध्ये कराटे शिकलेले होते. चोईही तिथेच कराटे शिकले. कोरियाला 1945 मध्ये जपानी अमलातून स्वातंत्र्य मिळालं. त्यानंतर या विद्येला कोरियन रूप, कोरियन नाव आणि किकांची स्वतःची भाषा देण्याचं काम पुढची कित्येक वर्षं चाललं. मला ही खरी कहाणी जास्त मोलाची वाटते. ॲलेक्स गिलिस यांचं ‘अ किलिंग आर्ट’ (2008) ती पत्रकाराच्या वेगाने सांगतं. उडो मोएनिग यांचं 2015 चं पुस्तक अभ्यासकाचं आहे, सावकाश वाचायचं.

‘मुये दोबो तोंगजी’ हे नावही ऐकू येतं. राजा जोंगजोच्या आज्ञेने 1790 मध्ये तयार झालेला हा सचित्र युद्धविद्याग्रंथ. त्यातल्या चोवीस विद्यांपैकी निःशस्त्र लढण्याची एकच आहे, बाकी भाले, तलवारी आणि घोड्यावरची कसरत. चित्रं अप्रतिम आहेत. किक सुधारायला मात्र तो घेऊ नये.

शेवटी एक अडचण उरते, आणि ती प्रत्येकावर येते. पुस्तकात एक, सर सांगतात दुसरं. आपण बरोबर पुस्तक निवडलं तरी असं होतं, कारण कुक्कीवॉनही वेळोवेळी बारकावे बदलतं आणि सर ते ज्या वर्षी शिकले त्या वर्षाचं रूप त्यांच्या अंगात असतं. अशा वेळी भर वर्गात ‘पण व्हिडिओत तर असं आहे’ असं मुलाला म्हणू देऊ नये. क्लास संपल्यावर पान उघडून किंवा तुकडा दाखवून विचारावं, ‘सर, परीक्षेला यांतलं कुठलं करायचं?’ उत्तर येईल ते करावं, आणि दोन्ही रूपं वहीत लिहून ठेवावीत.

ही वही मी पुस्तक आणि व्हिडिओ या दोघांच्याही वर ठेवतो. साधी शंभर पानी. एका पूमसेला समोरासमोरची दोन पानं, डावीकडे वर्गात सांगितलेलं, उजवीकडे पुस्तकात किंवा व्हिडिओत पाहिलेलं, आणि प्रत्येक नोंदीला तारीख. माझ्या वहीत इल जांगच्या पानावर अशा चार तारखा आहेत. पहिल्या तीन माझ्या अक्षरात, आप सोगी आणि आप कुबी कुठे बदलतात त्याबद्दलच्या. चौथी मुलीने लिहिली आहे: बाबा वळताना खाली बघतात.